नगरच्या छावणीतले ज्यू

मैत्रिणींनो, आपली मुलं शाळेत हिटलरनं केलेला ज्यूंचा संहार शिकतात. त्याचा एक धागा आपल्या नगरपर्यंत येतो, हे त्यांना सांगूया. 1939 साली महायुद्ध पेटताच इंग्रज सरकारनं भारतातल्या जर्मन पुरुषांना धरून नगरच्या छावणीत ठेवलं. त्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. अनेकांच्या पासपोर्टवर जर्मन सरकारनंच ‘ज्यू’ म्हणून लाल शिक्का मारलेला. तिकडं ते ज्यू म्हणून नकोसे, इकडं जर्मन म्हणून शत्रू! चौकशीनंतर बरेच जण सुटले. तिकडं युरोपात सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले. आपल्या कोकणात मात्र मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे ‘शनिवार तेली’, पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांसोबत सुखानं राहिले. गावात कुणी परकं आलं, तर कागदाआधी माणसाची विचारपूस करूया.