तक्रार निकाली, गटार तुंबलेलीच!

सोलापूर-धुळे महामार्गावरचे येरमाळा हे गाव येडेश्वरीच्या यात्रेमुळे सर्वांना ठाऊक आहे. चैत्र पौर्णिमेला लाखो माणसे येतात, चुनखडी वेचतात, पालखी पाहतात आणि आपापल्या गावी निघून जातात. मागे उरतो तो कचरा, सांडपाणी आणि घाण. यात्रेच्या कोणत्याही गावात हे सारे झाडून काढणारे हात कोणाचे असतात, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण त्याच हातांच्या घरासमोरची गटार तुंबली तर दाद कोणाकडे मागायची?

या प्रश्नाचे आजचे सरकारी उत्तर तयार आहे : मोबाईलवर तक्रार नोंदवा! मुंबई महापालिकेने २००३ साली प्रजा फाऊंडेशनच्या सहकार्याने तक्रारी नोंदवण्याची ऑनलाईन व्यवस्था उभी केली. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने ३११ हा एकच क्रमांक सर्व नागरी तक्रारींसाठी सुरू केला. २६ जानेवारी २०१५ रोजी राज्य सरकारचे 'आपले सरकार' पोर्टल आले. मोठी शहरे आपल्यासाठी सॉफ्टवेअर निवडतात, निविदा काढतात, कंपन्यांची प्रात्यक्षिके पाहतात. ग्रामपंचायतीला मात्र निवड नसते. २०११ मध्ये 'संग्राम' आले, २०१६ मध्ये त्याच्या जागी 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. वरून जे आले ते गावाने टेबलावर मांडून घेतले.

आम्ही संगणकाचे विरोधक नाही. उलट ज्यांना चावडीच्या पायरीवर ताटकळत उभे राहावे लागले, ज्यांचा अर्ज वाचण्याआधी आडनाव वाचले गेले, त्यांना संगणकाचे स्वागतच वाटले पाहिजे. यंत्राला जात नसते. परंतु यंत्रात काय भरायचे आणि तक्रार मिटली असे कोणी ठरवायचे, हे माणसे ठरवतात. आणि माणसांना जात असते! म्हणून सॉफ्टवेअर किती देखणे आहे, किती महाग आहे हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न एकच : 'निकाली' हा शिक्का कोणाच्या हातात?

महाडचा इतिहास आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे नगरपालिकेच्या दप्तरात विषय निकाली निघाला होता! प्रत्यक्षात तळ्यावरचा एक थेंब अस्पृश्याच्या ओंजळीत पडला नव्हता. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. दप्तरातली नोंद आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे आपल्या चळवळीइतके कोणाला कळणार?

आज दप्तराच्या जागी पडदा आला आहे, एवढाच फरक. समजा, वस्तीतल्या एका मायमाऊलीने हातपंप बंद असल्याची तक्रार केली. टोकन क्रमांक आला. काही दिवसांनी मोबाईलवर संदेश आला : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. पंप मात्र तसाच कोरडा! जिथे अधिकाऱ्याच्या एका टिचकीने तक्रार मिटते, तिथे काम पूर्ण होत नाही, फक्त आकडा पूर्ण होतो. म्हणून पहिली अट ही असावी की तक्रार मिटवण्याचा अधिकार तक्रारदाराचाच राहील. तो 'झाले' म्हणेल तेव्हाच झाले.

दुसरी अट यादीची. सॉफ्टवेअरमध्ये तक्रारीचे प्रकार आधीच ठरलेले असतात : दिवा, रस्ता, कचरा, पाणी. वस्तीच्या स्मशानभूमीला रस्ता नाही, सार्वजनिक नळावर अडवणूक होते, वस्तीच्या विकासाचा निधी दुसरीकडे वळवला, या तक्रारी कोणत्या रकान्यात लिहायच्या? जे यादीत नाही ते राज्यकर्त्यांच्या लेखी घडतच नाही. पत्त्याचेही तसेच. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. जुनी यादी संगणकात जशीच्या तशी चढवली, तर कागदावरून पुसलेला कलंक पडद्यावर पुन्हा उमटेल.

तिसरी अट न बोलणाऱ्यांची. एखाद्या वस्तीतून तक्रारच आली नाही, तर साहेब म्हणतात, तिथे सारे ठीक आहे! न्यूयॉर्कमध्ये संशोधकांनी २०१७ साली घरातली ऊब आणि गरम पाणी यांविषयीच्या तक्रारी तपासल्या. तेव्हा दिसले की त्रास सारखाच असला तरी सगळ्या वस्त्या सारख्या प्रमाणात तक्रार करत नाहीत. अमेरिकेच्या महानगरात ही गत, तर ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याला उद्या त्याच सरपंचाच्या शेतात कामाला जायचे आहे, तो तक्रार कशी करणार? म्हणून शून्य तक्रारींची वस्ती ही सर्वांत आधी भेट देण्याची वस्ती मानली पाहिजे. तोंडी तक्रार लिहून घेणारा माणूस आणि तिची छापील पोच, दोन्ही हवीत.

आणि एक गोष्ट शहरांसाठी. फ्लॅटमधला माणूस 'ड्रेनेज तुंबले' या चित्रावर बोट ठेवतो आणि निश्चिंत होतो. त्या बोटाच्या दुसऱ्या टोकाला ठेकेदार कोणाला गटारात उतरवतो? २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरी आमची माणसे मरतच आहेत. काम यंत्राने केले की माणसाने, याची नोंद झाल्याशिवाय ती तक्रार मिटताच कामा नये, एवढी साधी अट सॉफ्टवेअरमध्ये घालता येत नाही काय? येते. घालण्याची इच्छा हवी!

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार दाखल्यासारखी अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. वस्तीतल्या गटारीच्या आणि नळाच्या तक्रारीलाही तेवढाच धाक हवा.

येरमाळ्यासारख्या गावातल्या कार्यकर्त्याने सॉफ्टवेअर वरून येण्याची वाट पाहू नये. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या ग्रामसभेत उभे राहून मागणी करावी : आलेल्या तक्रारींची यादी वस्तीनिहाय मोठ्याने वाचा. कोणती मिटली, कोणी मिटवली, कधी मिटवली ते सांगा. आणि ज्याची तक्रार आहे त्याला सर्वांसमोर विचारा : बाबा, पाणी आले का?

त्याच्या उत्तरावरच 'निकाली'चा शिक्का पडला पाहिजे.