डोळा पुढे येतो तेव्हा

एक डोळा हळूहळू पुढे येऊ लागतो, दुखत मात्र नाही. म्हणून घरातील मंडळी निर्धास्त राहतात. या आजारात हीच निर्धास्तता महागात पडते.

मेंदूच्या आवरणातून उद्भवणाऱ्या गाठीला ‘मेनिंजिओमा’ हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यविशारदाने १९२२ मध्ये दिले. शंभरांतील सुमारे ८० गाठी सौम्य व संथ असतात. वृद्धांमध्ये पुष्कळदा ठरावीक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवणेही पुरते. तिसऱ्या श्रेणीची गाठ निराळी. ती शंभरांत एक ते तीन इतकीच आढळते. परंतु मेंदूत व हाडात शिरते आणि शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा उद्भवते. डोळ्यामागील हाडापाशी तिचे मूळ असेल, तर ती खोबणीत उतरते. खोबण म्हणजे हाडाची वाटी, आत जागा थोडी. डोळा पुढे ढकलला जातो, दृष्टीची नस दबते, रंग फिके भासतात, कधी एकाचे दोन दिसतात.

आमच्या डोंगरकड्यासारख्या गावांत साठीनंतरची प्रत्येक अंधुकता मोतीबिंदूच्या खात्यावर जमा होते. बहुधा ते खरेही ठरते. मात्र मोतीबिंदूने डोळा पुढे येत नाही. आजींना खुर्चीत बसवून मागे उभे राहावे, मान किंचित मागे झुकवून कपाळावरून खाली पाहावे. एक डोळा अधिक पुढे दिसल्यास जुन्या छायाचित्राशी ताडून पाहावे. आधारकार्डावरचेही चालेल, ते कितीही वाईट आलेले असो!

डोळा पुढे येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण थायरॉईडचा विकार आहे. मधुमेही व्यक्तीला मात्र वेदना व सूज यांसह झपाट्याने असे झाले, तर २०२१ मधील काळी बुरशी आठवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गाठीची श्रेणी तुकडा तपासल्यावरच ठरते. तिसऱ्या श्रेणीत शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार बहुधा लागतातच. खात्रीचे औषध अद्याप नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचारही होतात, परंतु ते प्रत्येकाला लागत नाहीत. खर्चाविषयी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी. दृष्टीच्या नसेला चिकटलेला भाग शल्यविशारद कधी मुद्दाम मागे ठेवतात. तेव्हा ‘गाठ पूर्ण निघेल का?’ या प्रश्नासोबत ‘नजर किती वाचेल?’ हेही विचारावे.

सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन दिले असल्यास ते स्वतःहून एकदम बंद करू नये. मधुमेह असेल तर साखर घरी रोज तपासावी.