भजनाला मृदंगिया हवा

चार घरची दहा माणसे आठवड्यातून एकदा जमून भजन करतात, अशी एखादी मंडळी आपल्याही गावात असेल. पेटी वाजवणारा आजारी पडला तर भजन थांबत नाही; सूर धरायला गळे असतात. मुख्य गायक परगावी गेला तरी दुसरा कोणी पुढे बसतो. परंतु मृदंगावरचा माणूस नोकरीनिमित्त गाव सोडून गेला किंवा वार्धक्याने त्याचे हात थकले, की मंडळीची खरी परीक्षा सुरू होते. टाळ मागेपुढे होऊ लागतात, नामघोष रंगत नाही, आणि काही आठवड्यांतच येणारी माणसे कमी होतात. अशा वेळी नवा मृदंगिया कसा शोधावा? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण कावेरीकाठच्या कुंभकोणमला जाऊ. कारण आपल्या अभंगांना तेथे शेकडो वर्षे मृदंगाची साथ लाभलेली आहे.

कावेरीकाठी अभंग

तमिळनाडूतील कुंभकोणम तंजावरपासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. व्यंकोजी राजांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतले आणि 1855 पर्यंत तेथे भोसल्यांची गादी राहिली. त्या काळात गेलेली मराठी कुटुंबे त्या भागात स्थायिक झाली. त्यांच्या घरांत आजही एक वेगळ्या वळणाची मराठी ऐकू येते. कुंभकोणमच्या आसपासच दक्षिणेच्या भजनसंप्रदायाची तीन पूज्य स्थाने आहेत. गोविंदपुरम येथे बोधेंद्र स्वामींची समाधी आहे, तिरुविसनल्लूर हे श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ यांचे गाव आहे, आणि मरुदानल्लूर येथे सद्गुरु स्वामींचा (1777–1817) मठ आहे.

भजनात कशामागून काय गावे, हा क्रम सद्गुरु स्वामींनी लावून दिला. आरंभी तोडयमंगलम्, मग गुरुवंदन, त्यानंतर जयदेवांच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, पुरंदरदासांची कन्नड व भद्राचल रामदासांची तेलुगू पदे, आणि त्यांच्याच पंक्तीत मराठी अभंग, असा तो भरगच्च पट आहे. मध्ये दीप ठेवून त्याभोवती फेर धरून गाण्याचा दिव्यनामाचा प्रकारही त्यात येतो. अनेक भाषांची पदे एकाच बैठकीत गायिली जातात. त्या सर्वांना एका सूत्रात ओवण्याचे काम मृदंग करतो.

या मृदंगाच्या इतिहासातही मराठी नाव आहे. एकोणिसाव्या शतकात तंजावरला नारायणस्वामी अप्पा नावाचे मराठी मृदंगवादक होऊन गेले. वाद्य वाजवण्याची जी तंजावर शैली पुढे प्रसिद्धीस आली, तिच्या आद्य वादकांत त्यांची गणना होते. विशेष हे की भजन आणि हरिकथा यांची साथ करण्यात त्यांनी आपला हात घडवला. पुढे याच तंजावरात वैद्यनाथ अय्यर यांच्यापाशी शिकून पालघाट मणि अय्यर (1912–1981) यांनी मृदंगाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. भजनाची साथ म्हणजे दुय्यम काम, असे ज्यांना वाटते, त्यांनी अप्पांचे उदाहरण लक्षात ठेवावे.

मृदंगियाचे खरे काम

भजनात गाणाऱ्यांपैकी पुष्कळांनी संगीताचे शिक्षण घेतलेले नसते. एक ओळ पुढचा गातो, तीच सर्व जण उचलतात. आठ मात्रांच्या आदि तालातले पद संपून सात मात्रांच्या मिश्र चापूतले सुरू होते. तेव्हा नवी चाल सर्वांच्या अंगात उतरवण्याचे काम मृदंगाचे पहिले चार ठोके करतात. नामावळी सुरू झाली की लय हळूहळू चढते. ती किती चढू द्यावी आणि कोठे आवरावी, हे मृदंगिया ठरवतो. लय भराभर वाढली तर वृद्धांचा श्वास पुरत नाही. रेंगाळली तर तरुणांना कंटाळा येतो. दोघांनाही बरोबर घेऊन जाणे, हीच त्याची कला होय.

आता ताल धरणारी विजेची यंत्रे मिळतात, आणि घरी एकट्याने सराव करण्यास ती उपयोगी आहेत. परंतु गाणाऱ्या आजींना खोकला आला तर यंत्र थांबत नाही. एखादी ओळ भान हरपून पाचव्यांदा घेतली गेली, तर त्याला ते कळत नाही. माणसाची जागा माणसानेच भरावी लागते.

पारख कशी करावी

नव्या वादकास बोलावले, की बहुतेक मंडळी त्याला एकट्याला वाजवून दाखवायला सांगतात. तो कठीण तुकडे वाजवतो, ऐकणारे थक्क होतात, आणि निवड चुकते. पारख करायची तर त्याला एखाद्या साध्या भजनाला बसवावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो की स्वतःच्या बोटांकडे. दुसरी, शब्द ऐकू यावेत म्हणून त्याला हात हलका करता येतो का. तिसरी, पद संपताना तीर्मानम, म्हणजे तीनदा येणारा समाप्तीचा तुकडा, तो सर्वांना समेवर आणून सोडतो, की त्या तुकड्यात सर्वांना हरवून टाकतो. या तीन कसोट्यांस उतरलेला मध्यम तयारीचा वादक मंडळीला अधिक उपयोगी पडेल. दर आठवड्यास वेळेवर येणे हा गुणही हाताच्या तयारीइतकाच मोलाचा आहे.

वाद्याचाही विचार करावा. मृदंगाची उजवी पुडी गाणाऱ्याच्या षड्जाला मिळवावी लागते. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी साधारण 24 इंच लांबीचे खोड लागते, स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी 22 इंचांचे. तेव्हा निवड करण्यापूर्वीच मंडळीची पट्टी कोणती, ते वादकाला सांगावे. नाहीतर चांगल्या हाताचाही दोष दिसू लागतो.

वादक घरातच घडवावा

बाहेर शोधून वादक मिळाला नाही, तर निराश होण्याचे कारण नाही. मृदंगाचे शिक्षण वाद्यावाचूनही सुरू होऊ शकते. त, धी, तोम्, नम् हे बोल आधी तोंडाने म्हणायचे आणि हाताने ताल धरायचा. पुष्कळ गुरू प्रथम हेच पक्के करून घेतात. जे मूल आज मंडळीत टाळ वाजवते, त्याला पदांचा क्रम, चाली आणि वडीलधाऱ्यांच्या गाण्याच्या लकबी आधीच ठाऊक असतात. त्याला दोन-तीन वर्षे चांगल्या गुरूकडे पाठवावे, आणि नामावळीपुरता मृदंग त्याच्या हाती देत जावे. जुना वादक असतानाच हे केले, तर पुढे शोधाची वेळच येत नाही.

हे मूल मुलगाच असले पाहिजे असे नाही. पुदुकोट्टईजवळच्या तिरुगोकर्णमच्या रंगनायकी अम्मा (1910–1998) यांनी, स्त्रियांनी मृदंग वाजवणे लोकांना विचित्र वाटत असे त्या काळात, मैफलींतून साथ केली. दंडमुडी सुमती यांना याच वाद्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. आपल्या मंडळीत गाणाऱ्या मुलींकडे वादक म्हणून आपण कधी पाहिले आहे काय?

आणखी एका घराकडे आपली दृष्टी क्वचितच जाते, ते म्हणजे मृदंग बनवणाऱ्याचे. फणसाच्या खोडावर गाय, म्हैस व शेळी यांची कातडी ताणून, काळ्या दगडाची पूड व भात यांच्या लुकणाने शाई भरून हे वाद्य तयार होते. सूर नेमका कोठे बोलतो, हे करणाऱ्या कारागिराच्या कानाला कळते. ही कुटुंबे बहुतांशी दलित ख्रिस्ती आहेत. त्यांच्या हातचे वाद्य देवापुढे बसते, परंतु त्यांची मुले फार काळ सभेच्या बाहेर राहिली, गायक टी. एम. कृष्णा यांनी 2020 साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' या पुस्तकात हे सविस्तर मांडले आहे. नामसंकीर्तनात सर्वांना जागा आहे, असे आपण म्हणतो. वादकाच्या शोधात जातीची आणि धर्माची दारे आधीच लावून घेतली, तर वादक मिळत नाही ही तक्रार आपल्यालाच कशी शोभेल?

म्हणून आपली मंडळी पुढच्या वेळी जमेल तेव्हा एवढे करावे: मृदंगाजवळ एक जागा रिकामी ठेवावी, आणि तेथे शिकू इच्छिणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला बसवावे. प्रथम ते मूल केवळ बोल म्हणेल, मग मांडीवर ताल धरील, आणि एके दिवशी थकलेले वादक मृदंग त्याच्याकडे सरकवतील. कावेरीच्या काठी भजन पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. आपल्या नदीकाठीही ते तसेच चालू शकेल.