मुलींचं व्हॉलीबॉल: ऐकीव आणि खरं

नाशिकमध्ये मुलींच्या खेळाचा विषय निघाला की कविता राऊतचं नाव येतं आणि गाडी धावण्यावर जाते. धावपटूचं एक बरं असतं, तिच्या वतीनं घड्याळ बोलतं. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीच्या बाबतीत मात्र ऐकीव गोष्टींवरच निर्णय होतात.

‘उंची नाही, मग व्हॉलीबॉल कशाला?’ हा पहिला समज. महिलांचं नेट 2.24 मीटरवर असतं, त्यावरून स्मॅश मारायला उंची लागतेच. पण सगळ्याच जणी स्मॅश मारत नाहीत. जपानची सेटर योशिए ताकेशिता 159 सेंटिमीटरची. 2006 च्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली आणि 2012 ला ऑलिंपिक कांस्यही जिंकली. पहिला पास कसाही येवो, धावत चेंडूखाली पोचायचं आणि समोरचा ब्लॉक फसेल अशा जागी तो बोटांनी उचलून द्यायचा, हे सेटरचं काम. 1998 पासून लिबेरोही आहे, वेगळ्या रंगाच्या जर्सीतली, फक्त मागच्या फळीत बचाव करणारी. याउलट, उड्या मारून उंची वाढेल म्हणून मुलीला व्हॉलीबॉलला घालणारे पालकही असतात! उंची आनुवंशिकता आणि आहारावर ठरते. सरावानं सुधारते ती उडी.

‘आता लीग आल्यात, पैसा आहे’ हा दुसरा. 2019 ची प्रो व्हॉलीबॉल आणि 2022 ला सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल, दोन्ही पुरुषांच्या. मिनिमोल अब्राहम आणि निर्मल तंवर या दोघींनी भारताचं नेतृत्व केलं, आणि दोघी रेल्वेच्या नोकरीत. केरळात वीज मंडळ संघ पोसतं. आपल्याकडे व्यावसायिक महिला खेळाडू म्हणजे बहुतेक वेळा नोकरदार खेळाडू. याला कमी लेखायचं कारण नाही. अमेरिकेत 2023 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना बघायला 92,003 माणसं आली होती, तरी तिथल्या चांगल्या खेळाडू वर्षानुवर्षं कमाईसाठी तुर्की-इटलीलाच जात आल्या.

तिसरा समज सगळ्यात महागात पडतो: ‘सर्टिफिकेट मिळालं की सरकारी नोकरी पक्की.’ महाराष्ट्रात खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे हे खरं. पण भरतीची परीक्षा द्यावीच लागते, शिक्षणाची अट सुटत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त होती का, संघ कितवा आला, हे बघितलं जातं आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यावर ही छाननी करणं भागच होतं. त्यात खेळ सांघिक. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढतात. संघ विभागात हरला तर त्या वर्षी उत्तम स्मॅशरलाही राज्य स्पर्धा दिसत नाही. म्हणून जाणते प्रशिक्षक मुलींना व्हॉलीबॉल संघटनेच्या निवड चाचण्यांनाही पाठवतात. रेल्वेची क्रीडा भरती निराळी: कागद बघतात, शिवाय मैदानावर खेळवूनही बघतात.

‘लग्न झालं की खेळ संपला’ ही भीती घरोघरी असते. गुडघ्याची काळजी मात्र फारसं कुणी करत नाही. उडीवरून उतरताना गुडघ्यातलं लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो आणि तुटलं तर पुन्हा खेळायला बरेच महिने जातात. मुलीचं नाव घालण्याआधी एक दिवस सराव बघून यावा. मुलींना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवतात का, ते तिथे लगेच दिसतं.