पाण्याचा अखंड पहारा

बंगळूरच्या महादेवपुरा भागातील वर्तूर तलावाचे पाणी पुढे दक्षिण पिनाकिनी नदीस मिळते. सांडपाण्यामुळे २०१५ साली या तलावाचा फेस रस्त्यावर आला होता. अशा पाण्याची परीक्षा दुपारी एक बाटली भरून होत नाही. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते. रात्री तेच तो शोषून घेते. माशांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू ठरविला आहे. तो पहाटे सरला, तर दुपारचा आकडा फसवा ठरतो. म्हणून पाण्यातच संवेदक ठेवावा लागतो. परंतु त्यावर लवकरच बुळबुळीत थर चढतो व मोजमाप चुकू लागते. यास्तव तो वेळोवेळी पुसून विंक्लर यांच्या १८८८ च्या रासायनिक पद्धतीशी ताडून पाहावा लागतो. या कसोटीस उतरलेला आकडाच सांडपाणी सोडणाऱ्यास जाब विचारू शकतो.