गळाची काठी किती लांब हवी?

वडाळ्याला आमच्या शेजारी अकरावीत शिकणारा एक मुलगा राहतो. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने मासे धरण्याची साडेपाच मीटर लांबीची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची काठी विकत घेतली आणि सुट्टीत कर्जतजवळ मामाच्या गावी उल्हास नदीवर नेली. मामेभावाकडे जेमतेम चार मीटरची बांबूची काठी होती. संध्याकाळपर्यंत बांबूला सात मासे लागले, नव्या काठीला एक. आणि खांदा दुखून आला तो निराळाच! "सर, काठी विकून टाकू का?" असे विचारत स्वारी माझ्याकडे आली. प्रश्न तसा पदार्थविज्ञानाचाच होता.

आपल्या शिवडीच्या धक्क्यावर नुसती दोरी आणि शिशाचे वजन एवढ्यावरही मासा मिळतो. मग नदीवर काठी कशाला? तर ती बोयासाठी. दोरीला भेंडाचा लहान बोया बांधतात, त्याच्याखाली शिशाच्या गोळ्या आणि टोकाला गळ. समजा, बोया पूर्ण बुडवायला पाच ग्रॅम वजन लागते आणि आपण साडेचार ग्रॅम शिसे लावले. मग माशाने अर्ध्या ग्रॅमइतका जोर लावला तरी बोया पाण्याखाली जाईल. आर्किमिडीजच्या तत्त्वावर चालणारा हा एक नाजूक तराजूच आहे.

पण हा तराजू वाहत्या पाण्यावर तरंगतो, हे विसरून चालत नाही. नदीचे पाणी सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. काठाशी आणि तळाशी घर्षणामुळे ते संथ असते, मध्यभागी वेगवान. संथ आणि वेगवान पाणी जिथे एकमेकांना भिडते, तिथे मासे थांबणे पसंत करतात; स्वतः फारसे न पोहता प्रवाहाबरोबर येणारे अन्न त्यांना टिपता येते. बोया या सीमेवरून पाण्याच्याच वेगाने गेला पाहिजे. दोरी मधल्या वेगवान पाण्यावर पडली, तर ती धनुष्यासारखी वाकते आणि बोयाला ओढत नेते. पाणी एकीकडे आणि आमिष भलतीकडे जाऊ लागले की मासा त्याला तोंड लावत नाही. आमच्या मित्राचे नेमके हेच झाले. लांब काठी आहे म्हणून त्याने दोरीही लांब बांधली आणि गळ सीमेच्या पलीकडे टाकला.

म्हणजे काठीचे टोक जवळजवळ बोयाच्या डोक्यावर आले पाहिजे. आता गणित करू. सीमा साडेतीन मीटरवर आहे आणि काठी क्षितिजाशी 30 अंशांचा कोन करून धरली आहे. 30 अंशांची कोज्या 0.87, म्हणून चार मीटरची काठी सुमारे साडेतीन मीटर पोहोचते. मामेभावाने त्रिकोणमिती न करता हेच उत्तर काढले होते!

खोलीही पाहावी लागते. हात पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर काठीचे टोक तीन मीटर उंचीवर येते. पाणी दीड मीटर खोल असेल, तर टोकापासून गळापर्यंत दोरी साडेचार मीटर लागेल. काठी उभी केली की टोक पाच मीटरवर जाते आणि मासा पाण्याच्या वर अर्ध्या मीटरवर लोंबतो. तो हाती येतो. तीन मीटर खोल डोहात मात्र दोरी सहा मीटर हवी. मग काठी उभी करूनही मासा एक मीटर पाण्यातच राहणार. अशा वेळी काठी आडवी धरून टोक खाली आणावे किंवा दोरी गुंडाळणारे चाक लावावे.

मग लांब काठीचा काहीच फायदा नाही का? आहे, आणि तो पायथागोरस सांगतो. सीमा तीन मीटरवर असेल आणि काठीचा आवाका साडेतीन मीटर असेल, तर वर्तुळाची जी जीवा मिळते ती सुमारे 3.6 मीटर लांबीची. आवाका पाच मीटर केला, तर जीवा आठ मीटर! पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरल्यास बोया सात सेकंदांऐवजी सोळा सेकंद मोकळा वाहतो. (मधल्या भागात काठी थोडी मागे घ्यावी लागते, एवढेच.)

या फायद्याची किंमत खांदा देतो. काठी ही चिमट्यासारखी तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. मागचा हात टेकू, पुढचा हात बल लावणारा आणि भार टोकाला. दोन हातांत 40 सेंटिमीटर अंतर असेल, तर आडव्या धरलेल्या चार मीटरच्या काठीच्या टोकाला 300 ग्रॅमचा मासा लोंबताना पुढच्या हाताला तीन किलोग्रॅमचा भार वाटतो. साडेपाच मीटरला चार किलोग्रॅमच्या वर. त्याबदली हात दहा सेंटिमीटर उचलला की टोक एक मीटरहून अधिक उचलले जाते आणि ढिली दोरी क्षणात ताणली जाते.

काठीचे स्वतःचे वजन आणखी वेगळे. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर वजन दुप्पट, गुरुत्वमध्याचे अंतर दुप्पट, म्हणून आघूर्ण चौपट. आणि टोकाच्या त्याच भाराने काठी आठपट वाकते. वाकू नये म्हणून जाडीही दुप्पट केली, तर वजन आठपट आणि आघूर्ण सोळापट! मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणापेक्षा जाड का लागतात, हे गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या ग्रंथात मांडले, त्याच जातीचा हा हिशेब आहे.

मी मुलाला काठी विकू दिली नाही. मुठीकडची शेवटची नळी बाहेर न काढता, सांध्यावर चिंधी गुंडाळून काठी वापर, असे सांगितले. एकूण वजन तेच राहते, पण ते हाताजवळ येते आणि आघूर्ण घटतो. काठावर पोहोचल्यावर आधी गळ टाकायचाच नाही. वाळकी पाने पाण्यावर सोडून ती कुठे रेंगाळतात आणि कुठे पळतात ते पाहायचे, घड्याळ लावून वेग काढायचा, मग काठीची लांबी ठरवायची.

आणखी दोन गोष्टी त्याला दरडावून सांगितल्या. त्याची काठी कार्बनच्या धाग्यांची आहे आणि कार्बन विजेचा वाहक आहे. ओला बांबूही भरवशाचा नाही. डोक्यावर विजेच्या तारा असतील तिथे काठी उघडायची नाही. आणि 1922 साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी उल्हासच्याच खोऱ्यात येते. केंद्र चालू झाले की ऐन उन्हाळ्यात, आभाळात ढग नसतानाही, खालच्या अंगाला पाणी चढू शकते. म्हणून काठावर एक दगड खूण म्हणून ठेवायचा आणि तो भिजू लागला की सामान आवरायचे.