हलक्या विमानांचा जड प्रश्न

विमान म्हटले की परवाना आलाच, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत मात्र अल्ट्रालाइट उडवायला ना परवाना लागतो, ना वैद्यकीय तपासणी, ना नोंदणी क्रमांक. १९८२च्या नियमात त्याला विमान न म्हणता ‘वाहन’ म्हटले आहे! अटी अशा : इंजिनासह रिकामे वजन २५४ पौंडांहून, म्हणजे सुमारे ११५ किलोंहून कमी, इंधन फार तर १९ लिटर, दाट वस्तीवरून उड्डाण नाही आणि बसणारा माणूस एकच.

ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वतःचा जीव धोक्यात घालायचा तर घाला, दुसऱ्याचा नको, असा तो व्यवहार होता. पण प्रशिक्षणासाठी दोन आसनांची सवलत मिळाली आणि पळवाट सापडली. शिकवण्याच्या नावाखाली हौशी प्रवासी बसू लागले. वजन वाढले, टाक्या मोठ्या झाल्या. २००४मध्ये नवे नियम आले आणि जानेवारी २००८अखेर ही सवलत संपली.

आता अपघाताचे पाहू. अशा विमानात बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असते आणि ते हवेत बंद पडू शकते. जड विमान आपल्या वेगावर थोडे पुढे जाते. इथे वजन नाही, शिवाय तारा आणि उघडी चौकट हवेला अडवतात. त्यामुळे वेग क्षणात घसरतो. अशा वेळी नाक ताबडतोब खाली करावे लागते. न शिकलेला माणूस घाबरून नेमके उलट करतो. जमीन जवळ येताना पाहून तो दांडा मागे ओढतो, नाक वर जाते, पंखांचा आधार सुटतो आणि विमान कोसळते. उड्डाणानंतर लगेच असे झाले तर सावरायला उंचीच नसते. नोंदणीच नसल्याने अशा अपघातांचा पुरता हिशेबही लागत नाही.

एप्रिल २०१५मध्ये डग ह्यूज हा फ्लोरिडाचा पोस्टमन हलका जायरोकॉप्टर घेऊन थेट वॉशिंग्टनच्या संसद भवनासमोरील हिरवळीवर उतरला. सोबत खासदारांसाठी ५३५ पत्रे होती. विनापरवाना उड्डाणाचा गुन्हा त्याने कबूल केला आणि त्याला १२० दिवसांची कैद झाली.

भारतात अशी मोकळीक नाही. मायक्रोलाइटला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी लागते आणि चालवणाऱ्याला परवाना. मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यांत ड्रोन आणि पॅराग्लायडरच्या जोडीला मायक्रोलाइटचेही नाव असते.